गाणं वाजतं तेव्हा आइस्क्रीम शिल्लक असतं

मित्रांनो, पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट खणखणीत सांगून टाकते. मी गाणं वाजवते तेव्हा माझ्यातलं आइस्क्रीम संपलेलं नसतं. असतं, म्हणून तर मी वाजवते. वेल्समधल्या आमच्या ब्रिनहेलिग गावात आयांनी चाळीस वर्षं आपल्या पोरांना याच्या नेमकं उलट सांगितलं. "गाणं लागलं ना, म्हणजे संपलं बघ." पोरं बिचारी विश्वास ठेवायची आणि मी रिकाम्या फुटपाथाला गाणं ऐकवून पुढे जायची. एवढी बदनामी गावातल्या चोराचीही कधी झाली नाही.

मी आहे आइस्क्रीमची एक जुनी गाडी. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यात १९८३ साली माझा जन्म झाला. सांगाडा साध्या मालवाहू व्हॅनचा, त्यावर फायबरचं गुलाबी-पांढरं अंग चार माणसांनी हातानं घडवून बसवलं. डाव्या बाजूला सरकती खिडकी, टपावर हातभर उंच फायबरचा कोन, आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत 'पोरं सांभाळा'. ते मागून येणाऱ्या मोटारींसाठी लिहिलेलं असतं, पण मी ते मलाच सांगितलंय असं धरून चालते. माझ्या पोटात एक थंडीची पेटी आहे. तिच्याबद्दल नीट ऐकून ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी घडलं. ती रस्त्यावर वीज घेत नाही. रात्रभर गॅरेजमधल्या प्लगला जोडली की तिच्या आतले पत्रे गोठतात आणि मग दुसरा अख्खा दिवस ती थंड राहते. एक रात्र चुकली की दुसरा दिवस बुडाला.

मला विकत घेतलं तांबिनी घराण्यानं. एलिओ तांबिनी तेव्हा तिशीचा होता, आता बहात्तरचा आहे. त्याच्या आजोबांनी इटलीच्या डोंगरातून येऊन इथल्या खाणकामगारांना आइस्क्रीमची चटक लावली. म्हणून गाव एलिओला अजून 'इटालियन' म्हणतं, आणि तो इटलीत गेला की तिथले त्याला 'वेल्सवाला' म्हणतात. त्याला दोन्ही चालतं. काय ते दिवस होते, मित्रांनो! रग्बीच्या सामन्याला मी उभी राहिले की रांग मैदानाला वळसा घालायची. चॅपलच्या सहलीला पाद्रीबुवा आधी माझ्याकडे यायचे आणि मग प्रार्थनेकडे वळायचे. रेल्वेच्या बुटक्या पुलाखाली माझ्या कोनाचं टोक उडालं, तेव्हा पोरांनी वर्गणी काढून एलिओला गोंदाची बाटली आणून दिली होती.

मग घरोघरी मोठाले फ्रीज आले. सुपरमार्केटात आठ-आठ कांड्यांचे खोके स्वस्तात मिळू लागले. पोरं घरात बसली. आठवड्याचे सात दिवस फिरणारी मी गुरुवार आणि रविवारवर आले. कायदाही अंगावर आला. बारा सेकंदांच्या वर वाजायचं नाही, संध्याकाळी सातनंतर वाजायचं नाही, आणि विकायला माल नसेल तर मुळीच वाजायचं नाही. मध्यंतरी कार्डिफचा एक माणूस आला. माझं इंजिन काढून मला त्याच्या दारूच्या बारमध्ये शोभेला ठेवायचं म्हणाला. माझा टप त्यानं कौतुकानं थोपटला. एलिओनं त्याला एक कोन विकला आणि वाटेला लावलं. मी शोभेची वस्तू नाही. माझ्या इंजिनातून धूर निघतो, चढावर मी खोकते, पण मी चालते.

गेल्या फेब्रुवारीत मारेद आली. सतरा वर्षांची, सायलो स्ट्रीटवर राहणारी, कॉलेजात सिनेमाचा विषय घेतलेली. मोठं झाल्यावर सिनेमे काढायचे, दुसरं काहीही करायचं नाही, असं तिचं पक्कं होतं.

"एलिओकाका, तुमची गाडी हवीय. माझ्या सिनेमात."

"आइस्क्रीम घेणार, का नुसतीच गाडी?"

"नुसतीच गाडी."

"तुझ्या घरातून आजवर एक कांडी कुणी घेतली नाही. आता थेट गाडीच मागतेस," एलिओ म्हणाला. पण चावी त्यानं आधीच काढलेली होती.

सिनेमा सात मिनिटांचा. नाव 'संपलं'. विषय कोणता, तर माझ्यावरचं तेच खोटं. मला आनंदानं गाणं फुटायचं बाकी होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझी बाजू घेत होतं! गोष्ट अशी: एका मुलीला आई सांगते की गाणं लागलं म्हणजे आइस्क्रीम संपलं. मुलगी दर गुरुवारी गाणं ऐकते आणि आइस्क्रीमवाल्याची कीव करते. दहाव्या वर्षी ती मैत्रिणीच्या हातात कोन बघते आणि तिला सगळं कळतं. ती घराकडे बघते. आई खिडकीत असते. आई खिडकी बंद करते आणि आत जाते. संपलं. आईचं काम मारेदच्या वर्गातल्या एका मुलीनं डोक्याला रुमाल बांधून केलं होतं. रुमालानं वय वाढतं असा त्या वर्गाचा समज होता.

सिनेमाबरोबर एक फॉर्म भरायचा होता. त्यात प्रश्न होता: तुमचा सिनेमा कोणासाठी आहे, आणि त्या प्रेक्षकांना तुम्ही कसं खेचून आणाल? मारेदनं लिहिलं, 'सोळा ते चोवीस वर्षे.' वर्गात सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. तिनं काळं पोस्टर काढलं, त्यावर लाल अक्षरांत 'संपलं'. कॉलेजच्या सभागृहात खेळ लावला. अकरा माणसं आली. त्यातली पाच तिच्या वर्गातली, दोन शिक्षक. उरलेली चार पोरं पोस्टर बघून खुनाबिनाचा सिनेमा समजून आली होती. आइस्क्रीम दिसल्यावर त्यातली तीन उठून गेली.

ही हकीकत मला कळली ती पुढच्या रविवारी, रग्बीच्या मैदानावर. मारेद आणि तिच्या शिक्षिका प्रॉसरबाई माझ्या खिडकीपाशी उभ्या होत्या. कार्डिफच्या विद्यार्थी महोत्सवाला कॉलेजातून एकच सिनेमा जाणार होता. ज्या सिनेमानं आपल्या प्रेक्षकांनी बघून भरून दिलेल्या पन्नास चिठ्ठ्या आणल्या, त्याचाच विचार होणार होता. मुदत शुक्रवार दुपारपर्यंत. पुढे सिनेमाच्या शाळेत प्रवेश मागायचा तर मारेदला हे कार्डिफ हवंच होतं.

"मिस, झलक टाकली होती फोनवर. चारशे जणांना आवडली."

"चारशे अंगठे आले, मारेद. अंगठ्यांना पाय नसतात," प्रॉसरबाई कोन चाटत म्हणाल्या. "सिनेमा चांगला आहे. पण खरं सांग, कुणासाठी काढलास?"

"सगळ्यांसाठी."

"फॉर्मवर तर सोळा ते चोवीस आहे."

 मारेद माझ्या खिडकीच्या कडेचा रंग नखानं उकरत राहिली. तो रंग जुना आहे आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

एलिओ आतून सगळं ऐकत होता. बाई गेल्यावर तो म्हणाला, "पोरी, माझा धंदा इतकी वर्षं कसा चालला ठाऊक आहे? मी कधी पोस्टर लावलं नाही. गिऱ्हाइकाला मी वय विचारत नाही. कुणाचं दार कधी उघडतं, ते बघतो. पार्क टेरेसच्या रस्त्यावर पावणेचारला, कारण शाळा सुटून पोरं घरी पोचलेली असतात आणि चहा व्हायचा असतो. चढावर मी नेहमी वरच्या टोकाला थांबतो, कारण म्हाताऱ्यांना चढून घरी परतायचं जिवावर येतं. लोक तुझ्याकडे येत नाहीत ना? मग गुरुवारी आपण लोकांकडे जाऊ. कॉलेजचा टीव्ही आणून ठेव माझ्या खिडकीत."

मारेदचा चेहरा उजळला. मग म्हणाली, "सायलो स्ट्रीट गाळूया. तिथं कुणी येत नाही."

"गुरुवारी सायलो स्ट्रीट असतं," एलिओ म्हणाला. "मी दुखणाईत असलो तरच ते चुकतं."

बुधवारी संध्याकाळी मारेद गॅरेजमध्ये आली. एलिओ गावातल्या गायकमंडळाच्या तालमीला गेला होता. तिनं कॉलेजचा टीव्ही माझ्या खिडकीत दोऱ्यांनी घट्ट बांधला. त्याच्या बॅटरीचा जड खोका चार्ज करायचा होता आणि गॅरेजमध्ये प्लग एकच. तिनं माझी वायर काढली आणि बॅटरीची लावली. मला तोंड असतं तर मी गाव गोळा केलं असतं. घरचा फ्रीज वीज गेली तरी टिकतो, मग पेटीला काय होतंय, असा तिचा हिशेब. सकाळी कॉलेजला जाता जाता तिनं बॅटरी काढून माझी वायर परत लावून ठेवली, अगदी होती तशी. दुपारी एलिओ आला, त्याला प्लग जागेवर दिसला. त्याला शंका यायचं कारणच नव्हतं.

पावणेचारला आम्ही पार्क टेरेसवर होतो. मी वाजले, कायद्यानं बारा सेकंद. दहा-बारा पोरं मुठीत नाणी घेऊन धावत आली. टीव्ही बघून तर अजूनच खूश झाली. एलिओनं पेटीचं झाकण उघडलं, एक कांडी काढली, आणि थांबला. कांडी वाकडी होती. कागदात बर्फाचे खडे लागत होते. त्यानं दुसरी काढली, तिसरी काढली. डब्यात बोट घालून बघितलं.

"हे रात्री वितळलंय," तो हळूच म्हणाला. "वितळून परत गोठलंय."

मारेदला सगळं क्षणात समजलं. ती पांढरी पडली. "काका, प्लग मी काढला होता. पण आता घट्ट झालंय ना? चालणार नाही का?"

"एकदा वितळलेलं मी कुणाच्या पोराच्या तोंडात घालणार नाही." त्यानं झाकण लावलं, खिडकीतून वाकला, आणि त्या मुठीतल्या नाण्यांकडे बघून गोड आवाजात म्हणाला, "संपलं रे, बाळांनो."

मित्रांनो, माझ्या मनाची काय अवस्था झाली असेल! आताच मी गाणं वाजवलं होतं. पेटी भरलेली होती. आणि माझ्याच माणसानं, माझ्याच खिडकीतून, माझ्यावरचं ते खोटं पोरांना सांगितलं. मला त्याचा राग यायला हवा होता. पण पोरांच्या पोटाला बाधू नये म्हणून तो बोलला, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.  मारेद त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

पोरं भोकाड पसरून घरी गेली. आता गाशा गुंडाळायचा, असं मारेद म्हणत होती, तोच समोरचं दार उघडलं आणि टेगन नावाची एक आई मुलीचा हात धरून तरातरा आली.

"काय हो एलिओ? ही रडत आलीय. म्हणते, खरंच संपलंय."

"खरंच संपलंय."

"अहो, असं कसं? आताच तर गाणं..." टेगन थांबली. तिनं मुलीकडे बघितलं. मुलगी तिच्याकडे बघत होती. टेगनचे कान लाल झाले.

तोवर दुसरी दारं उघडली होती. आपलं खोटं आज खरं कसं झालं, हे बघायला एकेक आई बाहेर येत होती. इतक्या वर्षांत ज्यांची फक्त पडद्याआडची सावली मला ठाऊक होती, त्या बायका चपला घालून माझ्यासमोर उभ्या होत्या.

"तू पण सांगायचीस?" शेजारीण टेगनला म्हणाली.

"म्हणजे तूसुद्धा?"

"मला वाटायचं, मलाच सुचलंय."

"तुम्हाला कुणालाच सुचलेलं नाही," कोपऱ्यावरच्या मिसेस बेनन म्हणाल्या. त्या काठी टेकत आल्या होत्या. "ही युक्ती माझी. खाणीचा संप झाला त्या वर्षीची."

"आजी," मागून एकजण म्हणाली, "माझ्या सासूबाई पण तेच म्हणतात. त्यांची युक्ती, त्यांचा संप."

रस्त्यावर हशा पिकला. एलिओनं मारेदच्या पाठीत हलकी चापट मारली. "रडतेस काय? हे बघ, तुझे प्रेक्षक आलेत. लाव."

पडद्यावर उजेड पडत होता, म्हणून टेगननं आपला रेनकोट खिडकीवर ताणून धरला. बायकांनी त्याखाली डोकी घातली. पोरं पुढे, आया मागे. ती मुलगी आइस्क्रीमवाल्याची कीव करते तिथं टेगनची मुलगी मोठ्यानं म्हणाली, "आई, ही मी आहे." आया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मग शेवट आला. खिडकी बंद झाली. कुणी हसलं नाही. मिसेस बेनन म्हणाल्या, "शेवट कडू केलास गं, पोरी. आईवर फार राग दिसतो." तरी सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहून दिल्या.

पुढे गाणं वाजवायचा प्रश्न नव्हता. माल नाही, मग वाजायचं नाही. पण टेगननं शाळेतल्या आयांना फोनवरून कळवलं होतं, त्यामुळे पुढच्या पाच रस्त्यांवर मी मुकी गेले तरी बायका दारात उभ्या होत्या. एकीनं सासूला ओढून आणली, एकीनं नवऱ्याला चहावरून उठवला. सव्वासहा वाजता मारेदकडे त्रेसष्ट चिठ्ठ्या होत्या.

"झालं, काका! पन्नासच्या वर गेल्या. चला परत."

एलिओनं मला डावीकडे वळवलं, सायलो स्ट्रीटकडे.

"काका, नको ना."

"का नको?"

 मी सांगते का ते. मारेदनं हा सिनेमा आईसाठी काढला होता. एकट्या आईसाठी. आणि आईनं तो बघू नये म्हणून फॉर्मवर 'सोळा ते चोवीस' लिहिलं होतं. सभागृहातल्या खेळाला तिनं आईला बोलावलंही नव्हतं. एवढा मोठा राग पडद्यावर मांडायचा आणि ज्याच्यावर आहे त्याच्यापासून लपवायचा, याला मी धीट म्हणणार नाही.

सायलो स्ट्रीटवर बहुतेक म्हातारी माणसं. टेगनचा निरोप इथं आलेला नव्हता. मी नेहमीच्या जागी मुकाट उभी राहिले. कुणी येण्याचं कारण नव्हतं. मारेद खाली बघत बसली होती. मिनिटभर गेलं, आणि नऊ नंबरचं दार धाडकन उघडलं. मारेदची आई कॅरिस, वृद्धाश्रमातल्या कामाचा निळा गणवेश अंगावर, पायात घरातल्या सपाता.

"एलिओ? बरे आहात ना तुम्ही? गाडी थांबली आणि गाणं नाही. म्हटलं, हार्टअॅटॅक आला की काय." मग तिला मारेद दिसली. "तू काय करतेस इथं?"

"तुमच्या लेकीचा सिनेमा आहे," एलिओ म्हणाला आणि सरळ खाली उतरून फुटपाथवर जाऊन उभा राहिला.

कॅरिसनं एकटीनं सात मिनिटं उभं राहून सिनेमा बघितला. मारेद माझ्या पोटात, पेटीला टेकून. खिडकी बंद झाली तरी कॅरिस काळ्या पडद्याकडे बघत होती.

"बरं," ती म्हणाली. "खोटं बोलले, कबूल. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. दर गुरुवारी तुझ्याशी बाजारात बसल्यासारखी घासाघीस करायची माझी ताकद नव्हती. तुझे दात बघ, एकही किडका नाही."

"आई, मला दहा वर्षं वाटत होतं की या काकांचं नेहमी संपतं. मी प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायची."

"घेत होतीस, माहितेय मला. पण ते शेवटचं खोटं आहे. मी खिडकी कधी बंद केली?"

"केली नाहीस?"

"एकदाही नाही. गाडी कोपऱ्यावरून जाईपर्यंत ऐकत उभी राहायचे." कॅरिसचा आवाज जरा खाली आला. "मलाही हवं असायचं गं. तुला नाही म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं घेणार होते?"

मित्रांनो, हे ऐकून माझा चाळीस वर्षांचा राग कुठे गेला ते मला सांगता येणार नाही. ज्यांना मी शत्रू समजत होते, त्या पडद्याआड उभ्या राहून माझंच गाणं ऐकत होत्या.

 मारेदनं डोळे पुसले आणि कॅमेरा काढला. "आई, खिडकीत जाऊन उभी राहा. शेवट नव्यानं घेते."

"या सपातांत?"

"सपाता दिसत नाहीत."

कॅरिस आत जाऊन खिडकीत उभी राहिली. मला वाजता येत नव्हतं आणि मारेदही म्हणाली, वाजवू नका, आवाज नंतर जोडीन. पण कॅरिसला माझं गाणं पाठ होतं. ते सुरू कुठे होतं, कुठे चढतं आणि कुठे मध्येच तुटतं, सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खिडकी उघडीच राहिली.

शुक्रवारी प्रॉसरबाईंनी फॉर्म बघितला. 'सोळा ते चोवीस' खोडून मारेदनं वर लिहिलं होतं, 'ज्यांनी हे खोटं सांगितलं त्या सगळ्यांसाठी, आणि त्यातल्या एकीसाठी जास्त.' हे मला मारेदनंच नंतर सांगितलं.

"हे वयाच्या चौकटीत बसत नाही," बाई म्हणाल्या.

"चौकट मोठी करा, मिस. चौसष्ट माणसं बाहेर उभी राहून बघत होती. त्यांना मी खोडणार नाही."

बाईंनी चष्मा काढला, चौसष्टावी चिठ्ठी वाचली, आणि सही केली. त्या चिठ्ठीवर 'हा सिनेमा कोणासाठी आहे?' या प्रश्नापुढे कॅरिसनं 'माझ्यासाठी' असं लिहून खाली सही ठोकली होती. सिनेमा कार्डिफला गेला. बक्षीस मिळालं नाही. मिळायला हवं होतं, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

मित्रांनो, माझ्या वयाच्या वस्तूंनी शेवटी आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका, अशी विनवणी करायची रीत आहे. मी करणार नाही. मला जपून कोपऱ्यात ठेवू नका, मला रस्त्यावर राहू द्या. तुम्ही सिनेमा काढा, नाटक करा, गोष्ट लिहा. पण ती कुणासाठी आहे हे स्वतःशी खरं बोला, आणि मग धीर करून त्याच्याच दारात जाऊन उभे राहा.

पुढच्या गुरुवारी मी पेटी गच्च भरून सायलो स्ट्रीटवर वाजले. माझं गाणं संपायच्या आत नऊ नंबरचं दार उघडलं.

"मारेदसाठी का?" एलिओनं कोन हातात घेत विचारलं.

"मारेदचं मारेद बघेल," कॅरिस म्हणाली. "मला."